बॉनेटचे सहा चौकोन

गाडी काळी आहे की नाही, या प्रश्नावर वाहन कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीशी पाऊण तास वाद झाला आणि त्यात कोटेशनकाका हरले. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पुढे ती रस्त्यावर ठेवायची तर फेरतपासणी हवी होती, आणि गाडीच्या पुस्तकात रंगाच्या रकान्यात ‘काळा’ असं लिहिलेलं होतं. खिडकीतल्या कारकुनाने मान बाहेर काढून आवारातल्या गाडीकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं.

“ही काळी नाही.”

“काळीच आहे. जरा उन्हाने...”

“राखाडी आहे. टपावर पांढरट. मागच्या दाराकडे थोडी जांभळी.”

“पाणी मारलं की काळी दिसते,” काका म्हणाले. हे अगदी खरं होतं. रोज सकाळी धुतल्यावर सात-आठ मिनिटं गाडी काळी असायची आणि काका तेवढी सात-आठ मिनिटं तिच्याकडे बघत उभे राहायचे.

“मग पुस्तकात तसं लिहून आणा. ओली असताना काळी.”

मार्ग दोनच होते. एक तर रंगबदलाचा अर्ज करायचा. त्याला ज्याने गाडी राखाडी रंगवली त्याचा दाखला लागत होता, आणि गाडी राखाडी कुणीच रंगवली नव्हती, ती आपली आपण झाली होती. नाहीतर वीस तारखेला तपासणीला येताना गाडी पुस्तकाप्रमाणे काळी करून आणायची. मध्ये बारा दिवस होते. काकांनी पावती घेतली, तिच्यावरचा शिक्का नीट उमटलाय की नाही ते पाहिलं आणि उजेडात येऊन राखाडी गाडीत बसले.

कोटेशनकाका हे नाव त्यांना बिल्डिंगने दिलेलं. एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि किमान तीन दरपत्रकं मागवून तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय कसलीही खरेदी करायची नाही हा तिथला नियम त्यांच्या अंगात असा मुरला होता की घरचा झाडूसुद्धा तीन दुकानं फिरून यायचा. तोवर काकू वर्तमानपत्राच्या गुंडाळीने केर काढत. दुसऱ्यांच्या कागदातली चूक हेरण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. ‘त्रुटी आहे’ हे दोन शब्द ते ज्या प्रेमाने उच्चारत, त्या प्रेमाने त्यांनी घरात कधी कुणाला हाकही मारली नव्हती.

ही गाडी मात्र त्यांच्या आयुष्यातली एकमेव बिनातक्त्याची खरेदी. शोरूमच्या काचेआड काळीभोर उभी होती, काका दारातच थबकले आणि भान हरपून सही करून आले. काकूंना पांढरी हवी होती. काळ्यावर धूळ दिसते आणि उन्हात काळा रंग मरतो, असं त्या म्हणाल्या होत्या. पंधरा वर्षं काका ‘मरत नाही’ म्हणत होते आणि गाडी डोळ्यांदेखत मरत होती. ती भंगारात गेली असती तर एक गाडी गेली असती एवढंच नव्हे. घरात एकदा, फक्त एकदा त्यांनी मनाचं ऐकलं आणि तेही चुकलं, असा शेरा कायमचा पडला असता.

म्हणून त्या संध्याकाळी काकांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून घोषणा केली. “वीस तारखेला पास झाली तर गाडी राहील. नापास झाली तर भंगारात, आणि मग तुझी पांढरी आणू. बोल, मान्य?”

काकू फळीवर भांडी लावत होत्या. त्यांनी पातेल्यात पातेलं बसवलं. काकांनी ती संमती धरली.

दुसऱ्या दिवशी काका गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकने बॉनेटवर बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी पूड दाखवली आणि म्हणाला, “वरचा थर जळलाय. कंपाउंड मारा, घासायचा लेप येतो तो, मग पॉलिश, मग मेण. तीन दिवसांचं काम आहे. आत काळा शिल्लक आहे अजून.”

“लेटरहेडवर द्याल?”

“काय?”

“हेच. प्रक्रिया, मुदत, दर. सही-शिक्क्यासह.”

मेकॅनिक हसला. हसताना त्याने पान्याने कान खाजवला. काकांनी घरी येऊन वहीत नोंद केली: ‘निविदाधारक क्रमांक एक. कागदपत्रे अपूर्ण. अपात्र.’ अशा रीतीने या कथेतला एकमेव बरोबर सल्ला पहिल्याच दिवशी बाद झाला.

मग बिल्डिंग जागी झाली. दुसऱ्याच्या गाडीबद्दल सल्ला द्यायला वाहन परवाना लागत नाही, हा कायद्यातला मोठाच दोष आहे. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले की पांढरा थर म्हणजे थरच, दातावरचा काय अन् पत्र्यावरचा काय. टूथपेस्ट लावा, पण गोल गोल घासा. पार्लरवाल्या ताईंनी बॉनेटवर गाल टेकवल्यासारखं वाकून पाहिलं आणि ‘स्किन फारच कोरडी पडलीय’ असं निदान केलं. उपाय, साखर आणि लिंबू. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त ड्रिलमास्तरांना हे सगळे लाड वाटले. विटकरीची बारीक पूड आणि मनगटात जोर, बाकी काही नको, असं ते म्हणाले, आणि ते जे म्हणतात ते आज्ञेसारखंच ऐकू येतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी रॉकेल सुचवलं आणि लगेच पार्किंगमध्ये रॉकेल वापरायला सोसायटीची परवानगी लागेल अशी नोटीसही फळ्यावर लावली. शेवटी आले विमा एजंट. त्यांनी चपलांच्या कोनाड्यातली काळ्या बूटपॉलिशची डबी आणून नुसती काकांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “काळ्याला काळं लावायचं. यात विचार करण्यासारखं आहे काय?”

एखादा साधा माणूस यातलं काहीतरी करून मोकळा झाला असता, किंवा काहीच न करता मोकळा झाला असता. काकांनी पट्टी आणली. चिकटपट्टीने बॉनेटचे काटेकोर सहा चौकोन पाडले, प्रत्येकावर क्रमांक चिकटवला आणि पाच सल्लागारांना एकेक चौकोन वाटून दिला. ज्याचा सल्ला त्याने स्वतःच्या हाताने करून दाखवायचा. सहावा चौकोन मेकॅनिकसाठी राखून ठेवला होता, त्याने कागदपत्रं पूर्ण केलीच तर. रविवारी तक्ता करायचा आणि जो उत्तम आणि स्वस्त ठरेल तो उपाय सबंध गाडीवर मंजूर. तीस वर्षांच्या नोकरीत इतकी निर्दोष पद्धत आपण कधी वापरली नव्हती, असं त्यांना मनापासून वाटलं.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. माणसाला बॉनेटचा एक चौकोन दिला की तो त्याचा मालक होतो. डॉक्टर दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, हातात मोजे घालून, चौकोनाला पेस्ट लावून जायला लागले. पार्लरवाल्या ताईंनी आपल्या चौकोनावर ओला टॉवेल अंथरला आणि ‘वीस मिनिटं कुणी हात लावू नका’ असा कागद ठेवला. त्या साखरेवर मुंग्यांची रांग लागली. मुंग्यांना चिकटपट्टीची हद्द कळत नसल्यामुळे त्या डॉक्टरांच्या चौकोनात शिरल्या, आणि डॉक्टरांनी लेखी तक्रार केली. ड्रिलमास्तर पहाटे सहाला एक-दोन, एक-दोन असं मोजत विटकरीची पूड घासत. खसखस असा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा आणि प्रत्येक ‘दोन’ला काकांच्या काळजावर ओरखडा उठायचा, पण नियमाप्रमाणे मुदत संपेपर्यंत निविदाधारकाला अडवता येत नव्हतं.

काकू रोज सकाळी आठला कामावर जाताना त्या बॉनेटशेजारून जात. चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात त्या बावीस वर्षं होत्या. जाता जाता त्या एकदा थांबल्या, विटकरीच्या चौकोनावरून नख फिरवलं आणि काकांकडे पाहिलं.

“काही म्हणायचंय का?” काकांनी विचारलं.

“मला चौकोन कुठाय?” काकू म्हणाल्या आणि रिक्षा थांबवायला गेल्या. काकांना ही थट्टा वाटली. बायका अशा वेळी मुद्दाम काहीतरी बोलतात, असं त्यांनी एजंटांना सांगितलं.

रविवारी पार्किंगमध्ये तक्ता वाचून दाखवण्यात आला. टूथपेस्टचा चौकोन किंचित उजळला होता आणि त्याला पुदिन्याचा वास येत होता. साखर-लिंबाचा चिकट होता. विटकरीचा चौकोन ओरखड्यांनी इतका भरला होता की तिथे रंग आहे की नाही हेच कळेना; मास्तर म्हणाले, ही पहिली पायरी आहे. रॉकेलचा चौकोन ओला होता तोवर छान दिसला आणि तक्ता वाचून होईपर्यंत वाळला. बूटपॉलिशचा मात्र काळाशार, डोळे दिपतील असा. खर्च, एक डबी. वेळ, दहा मिनिटं. काकांनी ‘मंजूर’ असं लिहून खाली सही केली. सेक्रेटरी म्हणाले की पॉलिशसाठी सोसायटीची परवानगी लागणार नाही, आणि उरलेल्या चौघांनी एजंटांचं अभिनंदन अशा चेहऱ्याने केलं की एजंट दोन दिवस जिन्याने न जाता लिफ्टने गेले.

अठरा डब्या लागल्या. एवढ्या डब्या एकदम घेणारं गिऱ्हाईक पाहून दुकानदाराने काकांना शाळेला बूट पुरवता का असं विचारलं. आधी ब्रश, मग फडकं, आणि एकोणीस तारखेच्या संध्याकाळी गाडी अशी काळी झाली की शोरूमच्या काचेआडचा तो दिवस काकांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ते तिच्याभोवती तीन वेळा फिरले. काकू खिडकीतून बघत होत्या, आणि काकांनी मान उंच करून वर पाहिलं. पंधरा वर्षांत इतकी उंच त्यांनी ती केली नव्हती.

वीस तारखेला ऊन कडक होतं. वाहन कार्यालयाच्या आवारात चाळीस गाड्यांमागे रांगेत उभं राहता राहता बॉनेटवर काहीतरी मऊ होऊ लागलंय हे काकांना दिसलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. तपासनीस आले. तरुण, पांढराशुभ्र शर्ट, हातात पॅड. त्यांनी गाडीकडे पाहून मान डोलावली, पुस्तकात पाहिलं, ‘काळा, बरोबर’ असं पुटपुटले आणि दिवे तपासायला वाकताना डावा हात बॉनेटवर टेकवला.

हात उचलला तेव्हा तो मनगटापर्यंत काळा होता. तपासनिसांनी त्या हाताकडे पाहिलं, मग विसरून त्याच हाताने पॅड धरलं, मग कपाळावरचा घाम पुसला. मागच्या रांगेतल्या एका ट्रकवाल्याने आपल्या साथीदाराला बोलावून आणलं.

“हे काय लावलंय?” तपासनिसांनी शांतपणे विचारलं.

“निविदा प्रक्रियेतून मंजूर झालंय,” काका म्हणाले. दुसरं काही त्यांना सुचलंच नाही.

फॉर्मवर शेरा पडला: ‘रंग हातास लागतो. सबब अमान्य. आठ दिवसांत पुन्हा हजर करावे.’ त्याखाली सहीच्या जागी सहीपेक्षा ठळक असा पंजा उमटला होता. काकांनी आयुष्यभर हजारो कागदांवर ‘अमान्य’ लिहिलं होतं. तो शब्द समोरून वाचायला कसा लागतो हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

घरी आल्यावर गाडीला बॅटबॉल खेळणाऱ्यांपासून मांजरांपर्यंत सगळ्यांनी टाळलं. सेक्रेटरींच्या पांढऱ्या पँटला मागच्या बाजूने डाग पडला होता आणि त्याबद्दल फळ्यावर नोटीस लागली होती. सल्लागार मंडळी एकेक करून आली. डॉक्टर म्हणाले की त्यांच्या चौकोनाला न्याय मिळाला नाही. ताई म्हणाल्या, मेकअप आणि स्किनकेअर यात फरक असतो. मास्तर म्हणाले, अजूनही वेळ गेलेली नाही, आणि खिशातून विटकरीचा तुकडा काढला. एजंट आलेच नाहीत. एजंट त्या आठवड्यात परगावी होते.

काका सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून बसले. जेवले नाहीत. “भंगारवाल्याला बोलाव,” ते शेवटी म्हणाले. “मी हरलो.” त्यांच्या आवाजात काही आवेश नव्हता, आणि काकूंना तो आवाज ऐकवला नाही.

“मी उद्यापासून तीन दिवस रजा टाकलीय,” काकू म्हणाल्या. “मेकॅनिककडून कंपाउंड आणलंय, दोन जातींचं. एक जाड, एक बारीक. तुम्ही बादली धरायची. बोलायचं नाही.”

“तुला यातलं काय कळतं?”

काकूंनी कंपाउंडचे दोन्ही डबे त्यांच्यापुढे ठेवले. “बावीस वर्षं मी काय करते कारखान्यात?”

भिंगं, एवढंच काकांना माहीत होतं. भिंगांचं काय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“घासते,” काकू म्हणाल्या. “ओरखडे काढते. आधी जाड दाणा, मग बारीक, मग त्याहून बारीक. एक पायरी गाळली की दिवा लावल्यावर सगळं दिसतं. तिथली पूड काचेसाठीची, ती रंगाला चालत नाही. पण हात तोच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी पदर खोचला आणि गाडी सावलीत घ्यायला लावली. साबणाच्या पाण्याने बूटपॉलिश उतरवायलाच अर्धा दिवस गेला. मग त्यांनी कडांना चिकटपट्टी लावली, कारण कडेला रंग पातळ असतो, आणि सुरुवात केली ती सहाव्या, कुणालाच न दिलेल्या चौकोनापासून. ओलं फडकं, वाटाण्याएवढं कंपाउंड, वीतभर जागा. जोर नाही, नुसता हात चालत होता, आडवा, मग उभा. फडकं काळंकुट्ट झालं तेव्हा काका घाबरले.

“अगं, रंग निघतोय.”

“मेलेला निघतोय. जिवंत खाली आहे. बादली.”

काकांनी बादली पुढे केली. फडकं पिळलं गेलं, जागा पुसली गेली, आणि सहाव्या चौकोनात पार्किंगच्या छतावरची ट्यूबलाइट दिसली. अख्खी, सरळ, न थरथरता. काका त्या चौकोनावर वाकले आणि त्यांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. त्यांना लाज वाटली. खरोखरची, ती कुणाला दाखवण्यापुरती नव्हती.

तीन दिवसांत विटकरीचे ओरखडेसुद्धा गेले, जवळजवळ सगळे. सल्लागार येऊन उभे राहत, पण प्रत्येकाची नजर आपापला चौकोन कुठे होता ते शोधत असायची आणि तो सापडत नसल्यामुळे कुणीच छान म्हणालं नाही. मास्तर काकूंना काहीतरी सांगणार होते. काकूंनी बारीक कंपाउंडचं फडकं त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, “मास्तर, मागचं चाक घ्या.” मास्तरांनी मागचं चाक घेतलं.

फेरतपासणीला काकांनी काकूंना सोबत नेलं. विजय पाहायला साक्षीदार असावा, एवढाच त्यांचा हेतू होता. तेच तपासनीस आले, आणि आल्या आल्या त्यांनी हात मागे बांधले. मग एक बोट पुढे केलं, बॉनेटवरून फिरवलं, बोट पाहिलं. स्वच्छ होतं. ते गाडीच्या दोन्ही बाजूंनी फिरले.

“हे कुणी केलं?”

काकांनी घसा साफ केला. ‘आम्ही’ हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता. मग ते म्हणाले, “हिने.”

तपासनिसांनी काकूंना नमस्कार केला आणि शिक्का मारला. पास. गाडी राहिली होती. काकांचे डोळे भरून आले आणि ते पुस्तक घेऊन निघणार, इतक्यात काकू म्हणाल्या, “थांबा जरा,” आणि तीन नंबरच्या खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक फॉर्म होता. वाहनाच्या मालकी हक्कात बदल.

“म्हणजे काय?” काकांनी विचारलं.

“गाडी माझ्या नावावर करायची.”

“पण तुला तर पांढरी हवी होती.”

“पंधरा वर्षांपूर्वी. तेव्हा मला माहीत नव्हतं काळी अशी दिसते. तुम्ही तिला कधी तशी ठेवलीच नाही.” काकूंचा आवाज चढला नव्हता. “सगळ्या बिल्डिंगला एकेक चौकोन वाटलात तुम्ही. जी बाई रोज दोन फुटांवर झोपते, तिला विचारलं नाहीत. आता मी नाही विचारणार. सही करा.”

काकांनी फॉर्म हातात घेतला आणि सवयीने वरपासून खालपर्यंत वाचला, त्रुटी शोधत. एकही सापडली नाही. फक्त कारणाचा रकाना कोरा होता.

“कारण काय लिहू?” कारकुनाने खिडकीतून विचारलं. “विक्री, वारस की भेट?”

“वारस चालेल?” काकूंनी विचारलं.

“त्यासाठी हे हयात नसायला हवेत.”

काकूंनी काकांकडे वळून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं काकांना वाटलं.

“मग भेट लिहा,” त्या म्हणाल्या.

काकांनी सही केली. बाहेर आल्यावर त्यांचा हात आपोआप किल्लीसाठी खिशाकडे गेला, पण किल्ली काकूंच्या हातात होती. परवाना त्यांनी लग्नाआधीच काढला होता. इतक्या वर्षांत गाडी मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नव्हती. त्यांनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीचा करून घेतला आणि गाडी सुरू केली. काका वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले. पहिल्याच वळणावर त्यांनी तोंड उघडलं, गिअरबद्दल असावं.

“हरकत असेल,” काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “तर लेखी द्या.”